पाठीवर सही करण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : निफाड तालुक्यातल्या एकोणतीस वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग नाशिकला बी.एस्सी. गेली चार वर्षं त्या द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये कागदपत्रांचं काम पाहतात. गेल्या हंगामात एका शेतकरी गटाने स्वतः तयार केलेला फवारणीचा अहवाल त्यांनी नेदरलँड्सच्या खरेदीदाराला पाठवला आणि मेलमध्ये लिहिलं, ‘वी एन्डॉर्स द ग्रोअर्स रिपोर्ट’. त्यांच्या मनातला अर्थ होता, ‘अहवाल पुढे पाठवत आहोत’. खरेदीदाराचं उत्तर आलं : अहवालाला तुमच्या कंपनीने मान्यता दिलीच आहे, तर त्यातल्या दोन नोंदींचा खुलासाही तुम्हीच करा. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘इंग्रजी येत नसेल तर मोठे शब्द वापरू नका.’ तेव्हापासून त्या सगळीकडे फक्त ‘सपोर्ट’ लिहितात. सहकारी म्हणतो, ते मिळमिळीत वाटतं. नवरा म्हणतो, एआयकडून लिहून घे. त्यातच मावसबहिणीला परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र हवंय. ती हंगामात सहा आठवडे त्यांच्या हाताखाली काम करून गेली होती आणि पत्र ‘दणदणीत’ असावं असा मावशीचा आग्रह आहे. त्या विचारतात : या शब्दांमधले फरक मला आता, या वयात, शिकता येतील का? की माझं माध्यमच आडवं येणार?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘एन्डॉर्स म्हणजे पुढे पाठवणं, असं वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले.’ वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांनी तुम्हाला चुकीचं काही शिकवलेलं नाही. सरकारी कचेऱ्यांत एखादा कागद किंवा त्याची प्रत माहितीसाठी, पुढच्या कारवाईसाठी दुसरीकडे धाडतात, त्याला इंग्रजीत ‘एन्डॉर्समेंट’ म्हणतात आणि मराठीत पृष्ठांकन. ‘कॉपी एन्डॉर्स्ड टू’ लिहायचं आणि खाली अधिकाऱ्यांची यादी द्यायची. कागदातला मजकूर पाठवणाऱ्याला पटलाय की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. त्याचं काम कागद पोचवण्याचं.

म्हणजे या शब्दाचा एक खरा, आजही चालणारा, आपल्या कचेऱ्यांमधला अर्थ तुम्हाला ठाऊक होता. इंग्रजी शाळेत शिकलेल्या पुष्कळांना तो ठाऊक नसेल. शब्द एका घरातून दुसऱ्या घरात नेताना गडबड झाली, एवढंच. व्यापाराच्या पत्रात, जाहिरातीत, निवडणुकीत ‘एन्डॉर्स’ म्हणजे ‘हे आम्हाला मान्य आहे, आमचं नाव याला जोडा’. तुमच्या खरेदीदाराने तो अर्थ घेतला आणि त्याचंही काही चुकलं नाही. माध्यम आडवं आल्याचं तुमचं निदान मला म्हणूनच पटत नाही.

हा शब्द जरा जवळून बघू या, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नाची गाठ त्याच्यातच आहे. लॅटिनमध्ये ‘डॉर्सम’ म्हणजे पाठ. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि कागदाच्या पाठीवर लिहिणं या अर्थाने रुळला. चेक दुसऱ्याच्या नावे करायचा तर आपण त्याच्या मागच्या बाजूला सही करतो, तीच ही क्रिया. आपल्याकडे १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट आहे. चेक बाउन्सच्या खटल्यांमुळे त्याचं नाव घरोघरी पोचलंय. त्यातलं कलम ३५ सांगतं की, वेगळा करार नसेल तर, पाठीवर सही करून चेक किंवा वचनचिठ्ठी पुढे देणारा माणूस ती न वटल्यास पुढच्या धारकाचं नुकसान भरून द्यायला बांधील राहतो, फक्त त्याला रीतसर कळवलेलं असावं लागतं. हे कलम तुमच्या मेलला लागू होत नाही, त्याची धास्ती घेऊ नका. पण या शब्दाला जबाबदारीचा वास कुठून लागला, ते यावरून कळतं. पाठीवर सही केली की आपणही त्यात आलो.

आणि गंमत बघा, आपला ‘पाठिंबा’ही पाठीवरूनच आला. पाठबळ, पाठराखण, पाठीशी उभं राहणं, सगळीकडे पाठच आहे. पण तरी हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण जाते. मुलीला स्वयंपाक उत्तम येतो अशी हमी ती देत नाही, तिची बाजूही मांडत बसत नाही. परक्या घरात ओळखीचं एक माणूस जवळ असावं म्हणून ती जाते. इंग्रजीत याला ‘स्टँड बाय’ म्हणतील. ‘एन्डॉर्स’ मुळीच म्हणणार नाहीत.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथेच. हे फरक नव्याने शिकायचे आहेत असं तुम्ही धरून चाललात. ते तुम्हाला येतात. गावात कुणी म्हणालं ‘अमक्याला आमचा पाठिंबा आहे’ आणि दुसरा म्हणाला ‘तो अमक्याची तळी उचलतो’, तर या दोन वाक्यांमधलं अंतर तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तळी मूळची खंडोबाची. चंपाषष्ठीला ताम्हनात भंडारा-खोबरं ठेवून ‘येळकोट’च्या गजरात चार-पाच जणांनी मिळून ती उचलायची. देवासाठी केलं तर ती भक्ती आणि पुढाऱ्यासाठी केलं तर लाचारी, एवढा बारीक काटा त्या एका शब्दात आहे. ‘री ओढणं’ भजनातून आलं : पुढचा म्हणेल तोच सूर मागच्यांनी धरायचा, स्वतःचं काही म्हणायचं नाही. पोलिसांनी बातमीला ‘दुजोरा’ दिला म्हणजे बातमी त्यांना आवडली असं होत नाही. ती खरी आहे एवढंच ते सांगतात. आई धाकट्याची ‘कड घेते’ आणि सरकारला ‘टेकू’ देतात. यातल्या प्रत्येक क्रियापदात माणूस स्वतःला किती अडकवून घेतो, हे आपल्या कानाला बरोब्बर कळतं.

मग इंग्रजी लिहिताना हा कान बंद का होतो? मला वाटतं, त्याला ‘सपोर्ट’ जबाबदार आहे. हा शब्द आता मराठीच झालाय आणि येताना त्याने आपलीच बरीच क्रियापदं गिळली. तुमच्या पत्रात ‘नवरा सपोर्टिव्ह आहे’ असं एकदा आलंय आणि ‘साहेब एरवी सपोर्ट करतात’ असं एकदा. मला दोन्हींतून काहीच कळलं नाही. नवरा नोकरीला आडकाठी करत नाही, की हंगामात तुम्हाला रात्री उशीर होतो तेव्हा मुलाला भरवून झोपवतो? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहेब सुट्टी मंजूर करतात, की चूक झाल्यावर खरेदीदारासमोर तुमची बाजू घेतात? तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात तरी त्यांनी बाजू घेतलेली दिसत नाही. तुमच्याच पत्रावरून, तो मेल जाताना त्याची प्रत त्यांना गेली होती. वाचून थांबवणं त्यांच्या हातात होतं. हे त्यांना सुनावण्यासाठी सांगत नाही. सगळा दोष एकटीच्या पदरात घेऊ नका, म्हणून सांगतेय.

आता ‘सपोर्ट’विषयी. तुमचा सहकारी त्याला मिळमिळीत म्हणतो, मी म्हणणार नाही. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खालून आणि ‘पोर्टारे’ म्हणजे वाहून नेणं. खालून भार पेलणं. तुमच्या भागातल्या कुठल्याही द्राक्षबागेत जा, वेली पेलणारे वाय आकाराचे लोखंडी अँगल आणि तारा हेच करतात. घडांचं वजन वाढत जातं, तारा ताणतात, अँगल ते तोलून धरतो. पण द्राक्ष गोड उतरलं की आंबट, साखर किती भरली, याबद्दल अँगल काही बोलत नाही. तो भार घेतो, हमी घेत नाही. ‘सपोर्ट’ तसाच आहे. ‘द डेटा सपोर्ट्स अवर क्लेम’ म्हणजे आमच्या म्हणण्याला आकडेवारीचा आधार आहे. ‘शी सपोर्ट्स हर पेरेंट्स’ म्हणजे आईवडिलांचं घर तिच्या पगारावर चालतं. फार कामाचा शब्द आहे, फक्त तो जिथे भार पेलला जातो तिथे वापरा. आणि एक बारकावा : मराठीत ‘तुम्हाला पाठिंबा’ म्हणतो म्हणून हात आपोआप ‘आय सपोर्ट टू यू’ लिहून जातो. मधला ‘टू’ नको.

बाकीच्यांची ओळख करून देते. प्रत्येकावर सारखा वेळ घालवायची गरज नाही.

‘अ‍ॅडव्होकेट’ हा शब्द नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या बाहेर प्रत्येक पाटीवर दिसतो. मूळ अर्थ, मदतीला बोलावलेला. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ जाहीरपणे बाजू मांडणं, मत पटवून देणं. मनातल्या मनात ‘सपोर्ट’ करता येतं, गप्प बसून ‘अ‍ॅडव्होकेट’ करता येत नाही. सहसा तो धोरणाला, उपायाला जोडतात : ‘दे अ‍ॅडव्होकेट ड्रिप इरिगेशन’. माणसांच्या वतीने बोलायचं असेल तर ‘अ‍ॅडव्होकेट फॉर’.

‘चॅम्पियन’ त्याच्याही पुढचा. लॅटिन ‘कॅम्पस’ म्हणजे मैदान. दुसऱ्याच्या वतीने मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. कैवारी, म्हणा ना. नाशिककराला हा फरक समजायला पंचवटीपेक्षा लांब जायला नको. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. बाबासाहेब इथे नसताना तो दादासाहेब गायकवाडांनी धरून ठेवला. त्यांनी या लढ्याला ‘सपोर्ट’ केला असं लिहिलं तर वाक्य व्याकरणात बसेल, पण माणूस त्यात मावणार नाही. तिथे ‘चॅम्पियन्ड’ हवं. उलट सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसाठी कुणी ‘चॅम्पियन’ लिहिलं, तर शब्द मोठा आणि काम छोटं होतं.

‘अपहोल्ड’ म्हणजे आधीच उभं असलेलं पडू न देणं. वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल कायम ठेवला, तर तो ‘अपहेल्ड’. ‘बोल्स्टर’ म्हणजे मुळात बैठकीवरचा लोड. टेकायला मागे लोड मिळाला की माणूस ताठ बसतो, तसा मुद्दा आणखी एका पुराव्याने ‘बोल्स्टर’ होतो. ‘बॅक’ला बहुतेक वेळा पैशाचा किंवा ताकदीचा संदर्भ असतो. ‘एस्पाउझ’ लग्नाच्या कुळातला : विचार नुसता पटणं वेगळं, त्याच्याशी संसार मांडणं वेगळं. तो तुम्हाला पॅकहाउसमध्ये कधी लागणार नाही, सोडून द्या.

‘सेकंड’पाशी मात्र मिनिटभर थांबा, कारण सोसायटीच्या, सहकारी संस्थेच्या इतिवृत्तात तो पावलोपावली भेटतो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मराठीत ‘अनुमोदन’ ऐकलं की वाटतं, माणसाला ठराव मान्य आहे. इंग्रजी सभाशास्त्राच्या रिवाजात ‘सेकंड’ करणारा फक्त एवढं म्हणतो की हा विषय चर्चेला यावा. नंतर तो विरोधात मत देऊ शकतो. एकाच कृतीच्या दोन भाषांतल्या नावांमध्ये एवढी फट आहे. इतिवृत्ताचं भाषांतर करणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी.

आता तुमच्या कामाचं. मेल लिहायला बसलात की आधी मराठीत स्वतःला विचारा : मी इथे नेमकं काय करतेय? कागद पोचवतेय, खरं असल्याचं सांगतेय, हमी घेतेय, की कुणाची बाजू मांडतेय? उत्तर मिळालं की इंग्रजी क्रियापद बहुतेक वेळा साधंच निघतं. पोचवत असाल तर ‘फॉरवर्ड’. तपासून सांगत असाल तर ‘कन्फर्म’. तुमच्या हंगामातल्या दहापैकी आठ मेलना पाठिंब्याचं क्रियापद लागतच नाही, असा माझा अंदाज आहे. शेतकरी गटाचा स्वतःचा अहवाल असेल तर लिहा, ‘वी आर फॉरवर्डिंग द रिपोर्ट प्रिपेअर्ड बाय द ग्रोअर ग्रुप. वी हॅव नॉट व्हेरिफाइड इट इन्डिपेन्डन्टली.’ आणि जे तुमच्या डोळ्यांसमोर झालंय, खोक्यांची संख्या, पॅकिंगची तारीख, प्रीकूलिंगचं, म्हणजे माल आधी थंड करतानाचं, तापमान, ते बेधडक ‘कन्फर्म’ करा. औषधांच्या अंशाबद्दल विचारणा झाली तर स्वतःचं एकही विशेषण न लावता अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल जोडा आणि ग्रेपनेट या तिच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीतला प्लॉटचा क्रमांक द्या. तो पुरावा स्वतःच बोलतो.

त्या जुन्या मेलचं काय? तो विषय अजून लोंबकळतोय असं तुमच्या पत्रावरून दिसतं. दुरुस्तीचा मेल पाठवा : अमुक तारखेच्या पत्रात आम्ही ‘एन्डॉर्स’ लिहिलं, अभिप्रेत अर्थ ‘फॉरवर्ड’ होता, अहवाल गटाने तयार केलेला आहे आणि त्यांचा खुलासा सोबत जोडला आहे. गटाकडून त्या दोन नोंदींचा खुलासा आधी लेखी घ्या. मसुदा साहेबांना दाखवा आणि त्यांची संमती मेलवरच मागा. त्या मालावर पैशाचा वाद झालेला असेल, तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय काही पाठवू नका.

नवऱ्याचा एआयचा सल्ला मी टाकाऊ म्हणणार नाही. व्याकरण तपासायला जरूर वापरा. पण तुमची कंपनी त्या अहवालाच्या किती मागे उभी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ‘जरा भारदस्त करून दे’ म्हणालात तर तो ‘फॉरवर्ड’चं ‘एन्डॉर्स’ करून देईल आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल.

जाता जाता, तुमच्यासारखं पत्र न लिहिलेल्या, पण मोबाइलवर बी-बियाणं, टॉनिक, क्रीम यांची शिफारस करणाऱ्या तरुण वाचकांसाठी : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘एन्डॉर्सर’लाही दंड करता येतो. जाहिरात खोटी किंवा दिशाभूल करणारी निघाली तर पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. दाव्याची योग्य ती शहानिशा केली होती हे दाखवता आलं, तर सुटका आहे. ‘मी फक्त सपोर्ट केला’ हे उत्तर तिथे चालायचं नाही.

आता मावशी. हा भाग तुम्ही शेवटी दोनच ओळींत उरकलाय, पण झोप याच्यामुळेच उडाली असावी. बहिणीच्या पत्रात तुमच्यापुढे ‘व्हाउच फॉर’ हे क्रियापद उभं आहे, म्हणजे स्वतःच्या माहितीवर दुसऱ्यासाठी जामीन राहणं. सहा आठवड्यांत तुम्ही तिच्याबद्दल काय पाहिलं? तिची संशोधनाची बुद्धी, नेतृत्व, हे तुम्ही पाहिलेलं नाही. ते लिहू नका. पण तुम्ही सहज लिहून गेलात की एका पहाटे पॅलेटवरच्या लेबलांमधला प्लॉट क्रमांक चुकलाय हे तिच्या लक्षात आलं आणि गाडी भरायची थांबवून तिने तुम्हाला उठवलं. ताई, हेच पत्र आहे. नव्या मुलीने चालू काम थांबवायला धीर लागतो. तारीख, वेळ, किती लेबलं बदलावी लागली, ते सगळं तसंच्या तसं लिहा आणि पुढे एकच वाक्य : एवढं मी स्वतः पाहिलं आहे आणि त्याबद्दल मी खात्री देते. ‘आउटस्टँडिंग’, ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ असे शब्द निवड करणाऱ्यांच्या टेबलावर रोज येऊन पडतात, लेबलाची गोष्ट रोज येत नाही.

मावशीला फोन करून सांगा की पत्र दीड पानाऐवजी अर्ध्या पानाचं येईल. ती थोडी फुगेल. अभ्यासाबद्दलचं दुसरं पत्र कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंकडून घ्यायला सांगा, ते त्यांनी पाहिलेलं आहे.

आणि शिकण्यासाठी एक वही करा. एकटं क्रियापद लिहू नका, जोडी लिहा : ‘अपहोल्ड’पुढे निकाल, ‘एन्डॉर्स’पुढे उमेदवार, ‘बोल्स्टर’पुढे मुद्दा, ‘सपोर्ट’पुढे कुटुंब, ‘अ‍ॅडव्होकेट’पुढे धोरण. डावीकडे तुमच्या कानाला जवळचं मराठी क्रियापद. महिन्याला पाच जोड्या पुरेत. पहिल्या पानावर ‘एन्डॉर्स’ दोनदा लिहा, एकदा वडिलांच्या अर्थाने आणि एकदा खरेदीदाराच्या. वडिलांच्या जुन्या कागदांत एखादं पृष्ठांकन सापडलं तर त्यांना विचारून त्याची झेरॉक्स तिथे चिकटवा.